शेजारच्या गावाशी करार करताना

वीस-पंचवीस गावांना एकाच धरणावरून पाणी देणारी योजना बंद पडते, तेव्हा बहुतेक वेळा धरणात पाणी असतं. पंप असतो, पाइपलाइन असते, उंचावरची टाकीही असते. थकलेलं असतं ते विजेचं बिल. मग जोडणी तुटते, जिल्हा परिषदेत बैठक होते, चार गावं थोडेफार पैसे भरतात, बाकीची ‘आमच्याकडं पाणी येतच नव्हतं, पैसे कशाचे?’ म्हणून हात झटकतात आणि शेवटी टँकरचा प्रस्ताव निघतो. पुरजळ, मोरवाडी, सिद्धेश्वर या योजनांची नावं ज्यांनी ऐकली आहेत, त्या हिंगोलीच्या वाचकांना हे चक्र नव्यानं सांगायला नको.

गावं एकत्र येत नाहीत, ही तक्रार मात्र मला पटत नाही. हरिनाम सप्ताहाला पाच गावांच्या दिंड्या येतात, एका शिवारातला मजूर दुसऱ्या शिवारात हळद काढायला जातो, सोयरिकी तर आहेतच. एकत्र येण्याची सवय आहे, एकत्र येऊन हिशोब लिहून ठेवण्याची नाही. सप्ताहाची वर्गणी तोंडी ठरते आणि निभते, कारण सात दिवसांत सगळं उरकतं. पाणी, कचरा, रस्ता ही वर्षानुवर्षं चालणारी कामं. तेवढ्या काळात सरपंच बदलतो, ग्रामसेवकाची बदली होते, मोटर जळते. तोंडी शब्द तिथं दोन उन्हाळे टिकत नाही. दोन-चार ग्रामपंचायतींनी, किंवा गावं आणि जवळच्या नगर परिषदेनं मिळून एखादी सेवा चालवायची ठरवली, तर कागदावर काय लिहायचं, पैसे कसे वाटायचे आणि कुठं जपायचं, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

मिळून चालवायची गरज का पडते, ते आपल्या जिल्ह्याच्या आकड्यांतच दिसतं. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात पाच तालुके आणि ५६३ ग्रामपंचायती आहेत. हिंगोली, वसमत आणि कळमनुरीला नगर परिषदा, सेनगाव आणि औंढा नागनाथला नगरपंचायती. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. शहरं वगळली तर एका ग्रामपंचायतीच्या वाट्याला सरासरी दोन हजारांच्या आतच माणसं येतात. एवढ्यांच्या घरपट्टी-पाणीपट्टीवर कचऱ्याचा ट्रॅक्टर, त्याचा चालक आणि डिझेल निघत नाही. वरून कुणी जुळवून देईल म्हणावं, तर जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. लोकांना जाऊन विचारता येईल असं निवडून आलेलं माणूस गावातच उरलं. तेव्हा सुरुवातही तिथूनच करायची.

पाण्यापासून सुरू करू नका

सगळ्यांत मोठी गरज पाण्याची असते, म्हणून पहिली बैठक पाण्यावरच होते आणि तिथंच मोडते. पाण्यात जुनी थकबाकी आहे, जुने राग आहेत, मधल्या गावानं लाइन फोडून घेतल्याच्या कहाण्या आहेत. पहिला करार अशा कामाचा करा, ज्यात खर्च लहान आहे, मोजता येतो आणि सहा महिन्यांत डोळ्यांना दिसतो.

असं एक काम म्हणजे शौचालयाच्या टाक्या उपसणं. गावोगाव संडास बांधून झाले. आता त्यांच्या टाक्या भरत चालल्या आहेत. उपसणारी खासगी गाडी येते, हवे तेवढे पैसे घेते आणि गाळ नाल्यात किंवा कुणाच्या तरी पडीक रानात सोडून देते. माणूस उतरवून टाकी साफ करून घेणं तर २०१३ च्या कायद्यानं गुन्हाच आहे. साताऱ्यात यावर चांगली वाट काढली गेली. सातारा नगर परिषदेच्या मैला-गाळ प्रक्रिया केंद्राची क्षमता शहराच्या रोजच्या गरजेपेक्षा जास्त होती. ती शिल्लक क्षमता जकातवाडी, सोनगाव, कोडोली आणि देगाव या शेजारच्या गावांनी वापरावी, असा ग्रामपंचायतींचा आणि नगर परिषदेचा करार झाला. गावांना स्वतःचं केंद्र उभारावं लागलं नाही आणि शहराचं केंद्र अर्धंमुर्धं चालण्याऐवजी कामाला आलं.

हे आपल्याकडे करायचं तर आधी जवळच्या नगर परिषदेत प्रत्यक्ष जा. प्रक्रिया केंद्र आहे का, ते चालू आहे का, रोज किती गाड्या गाळ येतो आणि किती घेता येईल, हे तिथल्या वहीत बघा. नुसतं ‘आहे, आहे’ ऐकून परत येऊ नका. क्षमता शिल्लक असेल तर गावांनी आळीपाळीचं वेळापत्रक द्यायचं. समजा, या महिन्यात एका गावातली साठ घरं, पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावातली. टाकी तुंबल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ठरलेल्या वर्षी उपसण्याचा दर खूपच कमी पडतो, कारण गाडीच्या फेऱ्या वाया जात नाहीत.

प्लॅस्टिकचंही तसंच. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लॅस्टिक व्यवस्थापन केंद्र आणि त्यासाठी १६ लाखांपर्यंत निधी अशी सोय आहे. शेड उभं राहतं, यंत्र येतं. अडतं ते प्लॅस्टिक तिथवर नेण्यापाशी. एका गावाचं महिन्याचं प्लॅस्टिक ट्रॉलीच्या कोपऱ्यात मावतं, त्यासाठी तीस किलोमीटर ट्रॅक्टर कोण पाठवणार? एकाच रस्त्यावरच्या सहा गावांनी एक फेरी ठरवली तर ते जमतं.

अग्निशमनाचा बंबही या यादीत घ्या. बंब नगर परिषदेकडे असतो, आग उसाच्या फडात किंवा कडब्याच्या गंजीला लागते. ऐन वेळी हद्दीबाहेर जायचं की नाही, डिझेल कोण देणार, यावर फोन होत राहतात. वर्षाला ठरावीक रक्कम आणि प्रत्येक फेरीचा ठरलेला दर, एवढा दोन पानी करार आधी असेल तर चालकाला कुणाला विचारत बसावं लागत नाही.

पैशांची वाटणी

भांडण इथंच होतं, म्हणून एक हिशोब मांडूनच दाखवतो. समजा, चार गावांनी मिळून कचऱ्याची गाडी चालवायची आहे आणि महिन्याचा खर्च २४,००० रुपये आहे. गावांत अनुक्रमे ६००, ४००, ३०० आणि २०० घरं आहेत. सरसकट सारखे वाटले तर प्रत्येकी ६,००० येतात. दोनशे घरांचं गाव म्हणतं, आम्ही मोठ्या गावाचा कचरा का उचलायचा? नुसत्या घरांवर वाटले तर मोठ्या गावावर ९,६०० पडतात. ते म्हणतं, मग गाडी आमच्याच गावात उभी राहील.

मधला मार्ग असा: निम्मा खर्च सगळ्यांनी सारखा उचलायचा, निम्मा घरांच्या संख्येवर. बारा हजारांचे चार सारखे भाग म्हणजे प्रत्येकी ३,०००. उरलेले बारा हजार दीड हजार घरांवर, म्हणजे घरटी ८ रुपये. मग चार गावांचे आकडे येतात ७,८००, ६,२००, ५,४०० आणि ४,६००. निम्मा भाग सारखा असल्यानं लहान गावालाही बैठकीत बरोबरीनं बोलता येतं. हे सूत्र दगडावरची रेघ नाही, तीस-सत्तर करा, चाळीस-साठ करा. सूत्र लिहिलेलं असावं आणि घरांचा आकडा घरपट्टीच्या नोंदवहीतून घेतलेला असावा, एवढं सांभाळा. ‘अंदाजे पाचशे’ असं लिहिलं की पुढच्या वर्षी वाद ठरलेला.

एक-दोन छोटे करार वर्षभर निभावले, की मग पाण्याकडे वळा. प्रादेशिक योजनेत दोन गोष्टींवाचून काहीच टिकत नाही. पहिली, प्रत्येक गावाच्या टाकीच्या तोंडाशी मीटर. आपल्या गावात किती पाणी आलं हे मोजलेलं नसेल, तर ‘आलंच नाही’ या तक्रारीला उत्तर नसतं, आणि ती कधी खरी आहे हेही कळत नाही. दुसरी, दराचे दोन भाग. स्वतःच्या विहिरीला पाणी असलेलं गाव जूनपासून फेब्रुवारीपर्यंत योजनेकडे पाठ फिरवतं आणि मार्चमध्ये नळ मागतं. पंप, चालक आणि विजेची जोडणी मात्र बारा महिने राखावी लागते. म्हणून एक स्थिर रक्कम दरमहा, पाणी घ्या न घ्या, आणि दुसरी रक्कम घेतलेल्या पाण्यावर, हजार लिटरला अमुक. योजनेतल्या सगळ्या गावांच्या शिखर समितीत हा दर मंजूर करून घेताना शेवटच्या टोकाच्या गावाला पहिली पाळी देण्याचं लिहून घ्या. टोकाच्या गावाचा विश्वास बसला तर वसुली बसते. उलट्या क्रमानं गेलात तर पहिला हप्ता त्याच गावाचा थकतो.

ठराव, समिती, करार

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५० मध्ये दोन किंवा अधिक स्थानिक संस्थांनी मिळून संयुक्त समिती नेमण्याची सोय आहे. १९५८ च्या कायद्यातली ही तरतूद आपल्याकडे फारशी कुणी उघडून पाहत नाही. म्हणजे नवी संस्था नोंदवायची, धर्मादाय आयुक्तांकडे जायचं, अशी खटपट लागत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीनं मासिक सभेत एकाच मजकुराचा ठराव करायचा. मजकूर एकच हवा, शब्दही तेच. एका ठरावात ‘कचरा संकलन’ आणि दुसऱ्यात ‘स्वच्छता विषयक कामे’ असं आलं, की लेखापरीक्षक त्याच फटीत बोट घालतो. नगर परिषद सोबत असेल तर तिच्या सर्वसाधारण सभेचा ठराव आणि मुख्याधिकाऱ्यांची सही लागेल. गटविकास अधिकाऱ्यांना पहिल्या बैठकीपासून बोलवा. शेवटी मंजुरीसाठी फाइल घेऊन गेलात तर त्यांना ती डोकेदुखी वाटते.

ग्रामसभेत हा विषय वेगळा घ्या, विषयपत्रिकेच्या तळाशी ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून नको. शंभर मतदार किंवा पंधरा टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. पण कागदावरच्या सह्यांपेक्षा पट्टी भरणारी माणसं समोर बसलेली असणं जास्त कामाचं. महिला बचत गटांच्या बायकांना पुढं बसवा. पाणी आणि कचरा कधी येतो-जातो हे त्यांनाच माहीत असतं, आणि वसुलीचं काम पुढं त्यांच्याकडे दिलंत तर ते नीट होतं.

करारात काय काय यावं? सेवा नेमकी कोणती आणि कोणती नाही. वाटणीचं सूत्र. दर वाढवायचा तर कोणत्या महिन्यात आणि कुणाच्या संमतीनं. वेगळं बँक खातं, त्यावर दोन वेगवेगळ्या गावांच्या सह्या. गाडी-यंत्र कुणाच्या मालकीचं, करार मोडला तर त्याचं काय. एखाद्या गावानं दोन महिने पैसे दिले नाहीत तर तिसऱ्या महिन्यात काय होईल. बाहेर पडायचं असेल तर किती महिन्यांची नोटीस. वाद झाला तर निवाडा कुणाचा. यांतली शेवटची चार कलमं लिहिताना बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘सुरुवातीलाच मोडायच्या गोष्टी कशाला?’ त्याचं ऐकू नका. लग्नाच्या बोलणीत हे शोभतं, इथं शोभत नाही. आणि हो, समितीला नाव काय द्यायचं यावर दोन बैठका घालवू नका.

निधीचं बघायचं तर १५ व्या वित्त आयोगाच्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती, ४० टक्के अबंधित. पुढच्या आयोगाचे नियम येतील तसे पाहून घ्यावे लागतील. पण कोणत्याही आयोगाचा पैसा खर्च करायचा तर काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असावं लागतं. मिळून करायचं काम प्रत्येक गावाच्या आराखड्यात, आपापल्या हिश्श्याच्या रकमेसह, त्याच वर्षी दिसलं पाहिजे. एक गाव विसरलं तर तिघांचं काम अडतं.

असं केलं तर गावाचं नाव पुसलं जाईल, सगळं मोठ्या गावाच्या घशात जाईल, ही भीती खरी असते. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कम्यून आहेत, कित्येक आपल्या वाडीएवढे. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना कायद्यानं शेजाऱ्यांच्या गटात सामील व्हावं लागतं आणि कचरा वगैरे कामं तो गट बघतो. प्रत्येक कम्यूनला स्वतःचा महापौर मात्र अजून आहे. सरपंचांनी हे उदाहरण खिशात ठेवायला हरकत नाही.

हळदीचा पैसा गावात

सेवांचं झालं, आता कमाईचं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वसमतलाच बाळासाहेब ठाकरे यांच्या नावानं हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आलं. एके काळी आपली हळद ट्रकनं सांगलीला जायची, आज हिंगोली-वसमतच्या बाजारात बाहेरचे व्यापारी येतात. ग्रामपंचायतीनं हळदीचा व्यापार करावा असं मी म्हणणार नाही. ते शेतकरी कंपन्यांचं काम. पण व्यापाराला लागणारं अंगण ग्रामपंचायतीच देऊ शकते.

उदाहरणार्थ, वाळवण. शिजवलेली कांडी दहा-पंधरा दिवस उन्हात पसरून ठेवावी लागते, आणि नेमक्या मार्च-एप्रिलमध्ये अवकाळीची झड येते. भिजलेल्या हळदीचा रंग जातो, भाव पडतो. तीन गावांच्या मध्ये एक काँक्रीटचं वाळवण-अंगण, शेजारी पॉलिशला वीज, पोती ठेवायला शेड आणि एक तोलकाटा असला तर वर्षातून दोन-अडीच महिने ते हळदीला आणि बाकी काळ सोयाबीनला उपयोगी पडतं. जागा गायरानातली घ्यायची असेल तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयातून परवानगीचं बघा. तिथं घाई केलेली बांधकामं नंतर अतिक्रमण ठरतात.

मानांकनाचा फायदा आपोआप मिळत नाही. शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. गाव मानांकनाच्या क्षेत्रात येतं का, अर्जाला काय लागतं, यासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीनं वेगळं शिबिर घेण्यापेक्षा आठवडी बाजाराच्या गावी चार गावांनी मिळून एक घ्यावं.

शेतरस्त्याचं सांगतो. एका गावचा पाणंद रस्ता खडी पडून शिवेपर्यंत येतो आणि तिथून पुढं, शेजारच्या गावच्या हद्दीत, गुडघाभर चिखल. दोन्ही गावांनी एकाच वर्षीच्या आराखड्यात, एकाच रुंदीनं काम धरलं असतं तर हळदीचा ट्रॅक्टर सरळ डांबरी रस्त्याला लागला असता. याला वेगळा निधी लागत नाही, आराखडा पाठवण्याआधी शेजारच्या ग्रामपंचायतीत एक चक्कर लागते.

औंढा, नर्सी, दुधाळा

औंढा नागनाथला महाशिवरात्रीला आणि श्रावणात, नर्सी नामदेवला आषाढ वद्य एकादशीच्या परतवारीला जी गर्दी होते, ती एका नगरपंचायतीला किंवा एका ग्रामपंचायतीला पेलणारी नाही. वाहनतळ, फिरती शौचालयं, पाण्याचे टँकर, दुसऱ्या दिवशीचा कचरा हे वाटेवरच्या गावांनी आधीच वाटून घ्यावं, आणि दुकानांच्या जागांचं भाडंही. खर्च वाटून घ्या म्हणायचं आणि उत्पन्न एकट्यानं ठेवायचं, असं केलं तर दुसऱ्या वर्षी कुणी येत नाही.

औंढ्याजवळ दुधाळा शिवारात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या आणि जमिनीच्या अगदी सूक्ष्म कंपनांनाही टिपणारी यंत्रं. म्हणजे आसपासच्या शिवारात काय चालतं, अवजड वाहतूक कुठून जाते, खडी क्रशर कुठं बसतो, याला इथं एरवीपेक्षा जास्त महत्त्व येणार. एका गावानं ना हरकत नाकारली आणि शेजारच्यानं दिली, असं तिथं चालणार नाही. भाड्याची घरं, खानावळी, मुलांसाठी विज्ञानाच्या सहली, कुशल कामाचं प्रशिक्षण, यातला वाटा मागायचा तर औंढ्यासह आसपासच्या ग्रामपंचायतींनी एकच निवेदन द्यावं. दहा गावांची दहा निवेदनं टेबलावर पडून राहतात.

नदी हद्द ओळखत नाही

कयाधू वाशीम जिल्ह्यातून आपल्याकडे येते, पैनगंगा तर मराठवाडा आणि विदर्भ यांच्या मधून वाहते. नदीकाठच्या गावाचा खरा शेजारी पुष्कळदा दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या महसूल विभागात असतो. नाल्यावरचं काम, काठावरची झाडं, वाळूचा उपसा, पुराची खबर यांसाठी त्या गावाशीच बोलावं लागतं. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात पाणी शिरलं होतं. वरच्या अंगाला किती पाऊस झाला हे खालच्या गावाला तासभर आधी कळलं, तर निदान जनावरं सोडता येतात. यासाठी समितीही नको. वरच्या आणि खालच्या गावांचे पोलीस पाटील, सरपंच, कोतवाल यांचा एक व्हॉट्सॲप गट, त्यात पावसाळ्यात फक्त पाण्याची खबर. वाढदिवसाच्या शुभेच्छा त्यात नकोत.

पाणलोटाच्या कामात गावांच्या गटानं आराखडा करायची सवय ‘पोकरा’नं बऱ्याच गावांना लावली आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात हिंगोली होताच, आणि त्याचे आराखडे लघुपाणलोट समूहावर बेतलेले होते. ते नकाशे आणि ताळेबंद कृषी सहायकाकडे मागा, नव्यानं सर्वेक्षण करण्याचा खर्च वाचेल. पलीकडच्या जिल्ह्यातलं गाव सोबत घ्यायचं असेल तर दोन्ही गावांनी एकाच मजकुराचे ठराव करून आपापल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे एकाच आठवड्यात पाठवावेत, आणि दुसऱ्याच्या ठरावाची प्रत आपल्याला जोडावी. नाहीतर दोन कार्यालयं एकमेकांच्या उत्तराची वाट बघत बसतात.

वेळेचं गणितही जुळवावं लागतं. गावाचा विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेतो, अंदाजपत्रक डिसेंबर-जानेवारीत होतं, जिल्हा नियोजन समितीकडे जाणारे प्रस्तावही हिवाळ्यातच तयार व्हावे लागतात. म्हणून शेजारच्या गावांशी पहिली बोलणी गणपतीच्या आसपास उरकावी, घरांचे आणि खर्चाचे आकडे पितृपक्षात काढून ठेवावेत, एरवीही त्या पंधरवड्यात कुणी नवं काम काढत नाही. हळद काढणी सुरू झाली की फेब्रुवारीपासून बैठकीला माणूस सापडत नाही.